टाचण्या पुन्हा पुन्हा झुकतात? बॉबिन लेसची उशी कशी तपासावी आणि कशी निवडावी

बॉबिन लेस म्हणजे घट्ट उशीवर टाचण्या खोचून, बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती विणत केलेली लेस. सुरुवातीची दोन-तीन बोटं ती सुरेख उतरते. टाचण्या ताठ, कड सरळ, जाळी एकसारखी. मग हळूहळू टाचण्या आपल्याकडे झुकू लागतात. सरळ कड आत ओढली जाते, क्लॉथ स्टिचमध्ये, म्हणजे कापडासारख्या घट्ट विणीत, फटी पडतात आणि मागच्या टाचण्या काढल्या की तयार झालेली पट्टी आखडते. उलगडून पुन्हा केलं तरी तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. बॉबिन लेस करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: "ताण सारखा ठेवा."

सल्ला बरोबर आहे, पण त्याने काम भागत नाही. बॉबिन ओढली की दोरा टाचणीभोवती बसतो, आणि दोऱ्याला अडवणारी वस्तू तेवढी एकच असते. तीच जागा सोडत असेल तर हाताने कितीही सारखी ओढ दिली तरी लेसपर्यंत ती सारखी पोहोचत नाही. उलट, टाके सैल दिसतात म्हणून आपण अधिक ओढतो, टाचणी अधिक झुकते आणि टाके अधिक सैल होतात. आपला हात अजून बसलेला नाही असं समजून पहिल्या काही महिन्यांतच लेस सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात खोट नव्हती, म्हणून त्याची फार हळहळ वाटते.

तीच तक्रार त्याच उशीवर दुसऱ्यांदा आली, की हाताआधी उशी तपासावी. गोल की लांब, मोठी की लहान, कोणत्या परंपरेची, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की टाचणी काढल्यावर भोक मिटतं का?

आधी तपासणी

नेहमी वापरता त्याच जाडीची, न वाकलेली टाचणी घ्या. उशीच्या कडेजवळ, जिथे कधी काम केलेलं नाही अशा जागी ती दोन-तृतीयांश आत खोचा आणि डोक्याजवळ बोटाने बाजूने हलकं ढकलून बघा. टाचणीला लवचीक विरोध जाणवला पाहिजे आणि बोट काढल्यावर ती जागेवर परतली पाहिजे. आता हेच उशीच्या मधोमध, जिथून आजवरच्या पट्ट्या गेल्या आहेत तिथे करा.

कडेला टाचणी घट्ट आणि मध्ये डुलते, याचा अर्थ भरण मधल्या पट्ट्यात थकलं आहे. दोन्हीकडे डुलत असेल तर भरण मुळातच मऊ किंवा सैल आहे. दोन्हीकडे घट्ट असेल तर भरणाला दोष देऊ नका, कारण तुमची अडचण उताराची, मापाची, बॉबिन्सची किंवा खुद्द टाचणीची आहे. या एका तपासणीने निम्मा घोळ सुटतो, आणि ती केल्याशिवाय नवी उशी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

मग कडेच्या त्याच भोकात टाचणी पाच वेळा घालून काढा आणि पुन्हा ढकलून पाहा. पहिल्या आणि पाचव्या वेळेत फारसा फरक जाणवला नाही तर भरण भोक मिटवतं. पाचव्या वेळी टाचणी सहज सरकली आणि लटपटली, तर त्या उशीचं आयुष्य मोजकं आहे.

शेवटी टाचणी डोक्यापर्यंत पूर्ण खोचा. मध्येच काही टणक लागलं, तर उशी पातळ आहे आणि टोक खालच्या फळीवर आपटतं आहे. लेसच्या टाचण्या साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतात. मागच्या ओळींतल्या टाचण्या आपण पूर्ण आत दाबतो, म्हणून भरणाची जाडी निदान ५ सेंटिमीटर हवी. एकेरी थर्माकोलच्या पातळ पाटावर केलेल्या घरगुती उशीत हा दोष हटकून सापडतो. टोक फळीला लागलं की टाचणी तिरकी वळते आणि वरून पाहणाऱ्याला कारण कळत नाही.

भरण

टाचणी भरणात शिरते तेव्हा आत काय होतं, हे समजलं की निवड सोपी होते.

थर्माकोल कडक आणि ठिसूळ असतो. टाचणी त्यातल्या पोकळ पेशी फोडत जाते आणि फुटलेली पेशी परत फुगत नाही, त्यामुळे भोक कायमचं राहतं. पहिल्या पट्टीला थर्माकोल उत्तम धरतो, म्हणून विकत घेताना तो फसवतो. त्याच जागेवरून तिसरी-चौथी पट्टी जाते तेव्हा प्रिकिंगच्या, म्हणजे उशीवर लावलेल्या भोकं पाडलेल्या नमुन्याच्या, भोकांखाली चाळणी झालेली असते. नवी टाचणी जुन्या भोकात किंवा दोन भोकांच्या मधल्या मोडक्या भिंतीत शिरते. "पहिलं बुकमार्क छान झालं होतं, आता का बिघडतं?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा हेच असतं. शिकण्याच्या सुरुवातीला थर्माकोलच्या उशीत काही गैर नाही, ती हलकी असते आणि सहज मिळते. पण ती झिजणारी वस्तू आहे हे धरूनच वापरावी. थर्माकोलमध्येही फरक असतो. दाणे दाणे दिसणारा पांढरा प्रकार लवकर भुगा होतो. इमारतीत उष्णतारोधक म्हणून लावतात तो एकजीव, बहुधा रंगीत, दाट पाट जास्त टिकतो.

इथाफोम, म्हणजे दाट पॉलिथिलीन फोम, वेगळा वागतो. त्याच्या पेशी लवचीक असल्यामुळे टाचणी गेली की त्या तिला बाजूंनी आवळतात आणि काढल्यावर बऱ्याच अंशी परत येतात. हल्ली विकत मिळणाऱ्या पुष्कळ उशा आणि ठोकळे याचेच असतात. त्याची अडचण उलट बाजूची आहे. तो कडक असतो, सतत टाचण्या खोचून अंगठा दुखतो आणि अगदी बारीक टाचण्या त्यात शिरताना वाकतात. तुमच्या टाचण्या "झुकत" नसून मधोमध "वाकत" असतील तर उशी मऊ नाही, तुमच्या टाचणीसाठी ती फार टणक आहे. लेसमधला बिघाड दोन्हींत सारखाच दिसतो, म्हणून टाचणी बाहेर काढून पाटावर लोळवून बघा, वाकलेली लगेच कळते. आणखी एक सावधगिरी: वस्तूंच्या खोक्यात येणारा पांढरा, मऊ, दाबला की चेपणारा फोमही पॉलिथिलीनचाच असतो, पण तो या कामाचा नाही. अंगठ्याने जोर लावूनही जेमतेम दबेल इतका दाट फोम लागतो.

राहिला पेंढा. गव्हाचं, ओटचं किंवा राय या धान्याचं काड बारीक तुकडे करून, ठासठासून भरलेली उशी ही जुनी पद्धत, आणि माझ्या मते आजही सर्वांत भरवशाची. इथे टाचणी काहीच फोडत नाही. ती काड्यांमधून वाट काढते, काड्या बाजूला सरतात आणि दाबाखाली असल्यामुळे टाचणीवर परत रेटतात. टाचणी काढली की वाट बुजते. नीट ठासलेली पेंढ्याची उशी वर्षानुवर्षं चालते, आणि सैल झाली तर दुरुस्त होते, हे फोमचं होत नाही. मात्र "नीट ठासलेली" ही अट मोठी आहे. पेंढ्याच्या उशीवर टाचण्या झुकत असतील तर दहातल्या नऊ वेळा पेंढा कमी भरलेला असतो. चांगली उशी हातात घेतली की लाकडाच्या ओंडक्यासारखी जड आणि घट्ट लागते. तळहाताने दाबून खड्डा पडत असेल तर ती पूर्ण भरलेलीच नाही.

लाकडाचा भुसाही टाचणी उत्तम धरतो, पण उशी फार जड होते आणि भुसा बसत जातो, म्हणून मधून मधून भर घालावी लागते. त्याला आतला अभ्रा अतिशय घट्ट विणीचा लागतो, नाहीतर भुसा विणीतून बाहेर पडून दोऱ्याला लागतो. झोपायच्या उशीत घालतात ती कृत्रिम फायबर, कापूस, स्पंज यांतलं काहीही लेससाठी वापरू नका. त्यात टाचणी उभी राहते, पण तिला धरून ठेवणारं काही नसतं.

भरण चांगलं आहे, तरी बिघडतं

आता बिघाड कुठे सुरू होतो ते बघा.

अगदी वरच्या टोकाला, पहिल्याच ओळींत टाचण्या झुकतात आणि दोरे टाचणीवर वर चढतात, तर उतार कारणीभूत आहे. गोल उशी बहुधा मधोमध उंच आणि कडेला उतरती असते. तिच्या वरच्या भागात पृष्ठभाग आपल्यापासून दूर उतरतो. तिथे टाचणी टेबलाच्या हिशोबाने सरळ उभी खोचली तर उशीच्या हिशोबाने ती आपल्याकडे झुकलेलीच असते. टाचणीचा कोन नेहमी त्या जागच्या पृष्ठभागावरून ठरवायचा. मधल्या टाचण्या पृष्ठभागाला काटकोनात किंवा किंचित मागे कललेल्या आणि दोन्ही कडांच्या टाचण्या जराशा बाहेर कललेल्या हव्यात. अशी कललेली टाचणी दोऱ्याला खाली, प्रिकिंगलगत ठेवते. दोरा जितका वर चढेल तितकी टाचणी पाडायची त्याची ताकद वाढते. खूप फुगीर उशीवर हा हिशोब प्रत्येक ओळीला बदलतो, म्हणून शिकणाऱ्याने जवळजवळ सपाट उशी घ्यावी असं मी आग्रहाने सांगते.

बिघाड मधोमध किंवा त्याच्या खाली सुरू होत असेल तर माप कमी पडतं आहे. टाचणीपासून बॉबिनपर्यंत मोकळा दोरा साधारण ८ ते १० सेंटिमीटर ठेवतो, बॉबिन स्वतः १० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे काम चालू आहे तिथून आपल्या दिशेने निदान २० सेंटिमीटर उशी शिल्लक हवी. ४० सेंटिमीटर व्यासाच्या उशीवर तुम्ही मध्यावर आलात की बॉबिन्सची टोकं काठाला पोहोचतात. एक ओळ पुढे गेलात की बॉबिन्स काठावरून लोंबकळायला लागतात आणि प्रत्येक बॉबिन आपल्या वजनाने टाचणी पुढे ओढते. लेस दर वेळी "तिथेच" बिघडण्याचं हे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि फूटपट्टी लावेपर्यंत ते लक्षात येत नाही. म्हणून सपाट उशी ४५ ते ५० सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊ नये. काम वरच्या एक-तृतीयांशात सुरू करावं आणि मध्य ओलांडल्यावर फार पुढे न जाता लेस उचलून परत वर लावावी. तोवर तात्पुरता उपाय हवा असेल तर उशीची आपल्याकडची बाजू खाली काही ठेवून उचला, म्हणजे बॉबिन्स घसरायच्या थांबतात.

फक्त दोन्ही बाजूंच्या टाचण्या बिघडत असतील तर रुंदी पाहा. वीस जोड्या म्हणजे चाळीस बॉबिन्स. त्या पंख्यासारख्या पसरल्या की कडेच्या बॉबिन्स उतारावर जातात आणि कडेच्या टाचण्यांना बाहेर खेचतात. वापरात नसलेल्या बॉबिन्स गठ्ठ्याने बाजूला ठेवून मोठ्या टाचणीने अडवाव्यात किंवा बॉबिनधारकात अडकवाव्यात. दर आठवड्याला याच कारणाने त्रास होत असेल तर उशी बदलायची वेळ आली आहे.

बॉबिन आणि उशी यांची जोडी

उशीचे आकार उगाच वेगळे झालेले नाहीत. इंग्लंडच्या मध्य भागातल्या सडपातळ बॉबिनला खाली मण्यांचं कडं असतं. ते तिला लोळू देत नाही आणि थोडं वजनही देतं, म्हणून या बॉबिन्स सपाट उशीवर पडून राहिल्या तरी दोरा ताणलेला राहतो. इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यातल्या होनिटन लेसची बॉबिन हलकी, बिनमण्यांची, टोकदार असते, कारण ती काम जोडताना बारीक फटीतून ओवावी लागते. तिची उशी गोल, टणक ठासलेली असते आणि छोटी छोटी फुलं-पानं करताना सगळ्या दिशांनी फिरवता येते.

स्लोव्हेनियातलं इद्रिया, जर्मनीतला एर्त्सगेबिर्ग, रशियातलं वोलोग्दा इथे लोडावर काम चालतं. लोड बैठकीवर, टोपलीत किंवा लाकडी घोडीवर ठेवतात, बॉबिन्स समोरून खाली लोंबतात आणि ताण त्यांचं वजनच देतं. बॉबिन्स तळहातात धरून फिरवतात, एकेक उचलून ठेवत बसत नाहीत. इद्रियात १८७६ पासून लेसची शाळा आहे आणि मुलं आजही लोडावरच शिकतात. तिथली लेस प्रामुख्याने वळत जाणारी अरुंद फीत असते. तिला मोजक्याच जोड्या लागतात, म्हणून गोल लोडाच्या मर्यादित रुंदीची अडचण होत नाही. माल्टा आणि स्पेनमध्ये लोड लांब, सडपातळ आणि जवळजवळ उभा असतो. तो भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून मांडीवर धरतात. इतक्या उभ्या चढावर बॉबिन्सचं पूर्ण वजन टाचणीवर येतं, म्हणून तिथले लोड पेंढा अतिशय घट्ट ठासून भरलेले असतात.

जोडी चुकली की काय होतं ते यातून कळेल. पोटफुगी, बिनमण्यांची बॉबिन सपाट उशीवर लोळते, दोऱ्याचा पीळ सुटतो आणि दोरा ढिला पडतो. मण्यांच्या बॉबिन्स उभ्या लोडावर टांगल्या तर मणी एकमेकांत अडकतात. बॉबिन्स आधीच तुमच्याकडे असतील आणि त्या आवडत असतील, तर उशी त्यांच्याप्रमाणे निवडा, तेच सोपं पडतं. लोळणाऱ्या बॉबिन्स आणि सपाट उशी हीच जोडी चालवायची असेल तर बॉबिन्सखाली किंचित खरखरीत सुती कापड पसरा, बराच फरक पडतो.

लांब पट्टी करायची असेल तर

मीटरच्या मीटर किनार करायची तर सपाट उशीवर ती वारंवार उचलून वर लावावी लागते, आणि प्रत्येक उचलण्यात ताण बिघडण्याची शक्यता असते. दर पंधरा-वीस सेंटिमीटरवर तुमच्या लेसमध्ये एक सैल पट्टा दिसतो का? तो उचलण्याचाच डाग आहे. अशा कामाला रोलरची उशी घ्यावी. फ्रान्समधल्या ल प्युईच्या भागात हीच वापरतात. प्रिकिंग रोलरभोवती गुंडाळलेलं असतं, लेस पुढे सरकते आणि काम थांबत नाही.

रोलरच्या दोन खास तक्रारी आहेत. रोलर आपणहून फिरतो आणि सगळ्याच टाचण्या एकदम पुढे येतात, ही पहिली. रोलरच्या दोन्ही टोकांना, खाचेत, फेल्टची किंवा लाकडाची पाचर मारून तो अडवा. नवा घेताना दात्यांची खीळ असलेला मिळाला तर उत्तम. दुसरी तक्रार नमुना जुळत नाही ही. प्रिकिंगची दोन टोकं जिथे मिळतात तिथे भोकं एकमेकांवर बसत नाहीत, टाचणी दोन भोकांच्या मध्ये शिरते आणि ती एक ओळ दर फेऱ्याला वाकडी येते. रोलरचा घेर हा नमुन्याच्या एका आवर्तनाच्या लांबीच्या पूर्ण पटीत हवा. तो थोडा कमी असेल तर रोलरभोवती फेल्ट किंवा लोकरी कापड गुंडाळून वाढवा. १ मिलिमीटर जाडीचा एक थर घेर साधारण ६ मिलिमीटरने वाढवतो. हा थर टाचण्याही छान धरतो, त्यामुळे झिजलेल्या रोलरलाही त्याचा फायदा होतो.

कोपरे असलेलं काम, रुमालाची किंवा मेजपोसाची किनार, रोलरवर वळवता येत नाही. त्यासाठी सुट्या चौकोनी ठोकळ्यांची उशी घ्यावी. ठोकळा काढून वर सरकवला किंवा काटकोनात फिरवला की लेस न उचलता पुढे जाता येतं. तिथे टाचण्या नेमक्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर सैल पडतात, कारण टोक फटीत जातं. सांध्यात फेल्टची किंवा पुठ्ठ्याची पट्टी दाबून बसवा. पूर्ण चौकट गच्च भरलेली हवी, ठोकळा हाताने खडखडत असेल तर लेस चांगली येणार नाही.

अभ्रा आणि टाचण्या

अभ्रा गुळगुळीत, घट्ट विणीचा, सुती, एकरंगी आणि गडद असावा, निळा किंवा हिरवा डोळ्यांना बरा वाटतो. शिवण्याआधी धुवून खळ आणि सुटणारा रंग काढा, नाहीतर पांढऱ्या दोऱ्यावर छटा येते. तो उशीवर ताणलेला असला पाहिजे. सैल अभ्रा प्रिकिंगसकट सरकतो आणि सगळ्या टाचण्या एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात, तेव्हा भरणाला नावं ठेवण्याआधी अभ्रा ओढून बघा.

टाचणी दोऱ्याच्या मानाने निवडावी. जाड लिननच्या टोर्शोंला (साध्या भौमितिक नमुन्यांच्या लेसला) ०.६ मिलिमीटरच्या आसपासची, बारीक सुती दोऱ्याच्या जाळीला ०.५ किंवा त्याहून बारीक. मऊ उशीवर जरा जाड, लांब टाचणीने वेळ निभावते, पण तिची भोकं जाळीत दिसतात. दमट हवेत साध्या पोलादी टाचण्या गंजतात आणि लेसवर डाग पडतो, म्हणून स्टेनलेस किंवा पितळी घ्या.

काम अर्ध्यात असताना

अर्धी लेस उशीवर आहे आणि टाचण्या डुलायला लागल्या, तर लगेच काही काढू नका. मागच्या भागातल्या टाचण्या डोक्यापर्यंत आत दाबा, खाली भरण शाबूत असतं तिथवर त्या पोहोचतात. दोन्ही कडांना शेवटच्या सहा-सात सेंटिमीटरमधली एकही टाचणी काढू नका, आखडणं कडेपासूनच सुरू होतं. फार झुकणाऱ्या टाचणीच्या पुढून, तिला टेकून, दुसरी तिरकी टाचणी खोचा.

एवढ्याने भागलं नाही तर लेस दुसऱ्या उशीवर न्या, पण एक आवर्तन पूर्ण करून, शक्यतो क्लॉथ स्टिचचा भाग संपल्यावर. बॉबिन्स आहेत त्याच क्रमाने एका कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून शिवून किंवा टाचून बंद करा. गठ्ठा हातात किंवा पाटावर धरा, म्हणजे दोऱ्यांवर वजन येणार नाही. टाचण्या काढा, नव्या उशीवर प्रिकिंग लावा आणि शेवटच्या पूर्ण आवर्तनातल्या शक्य तितक्या भोकांत टाचण्या परत बसवा. दोन्ही कडांच्या तर सगळ्याच. मग कापड सोडून प्रत्येक जोडी हलकेच ओढून घ्या आणि पहिल्या दोन ओळी घाई न करता करा.

दुरुस्ती

पेंढ्याची उशी सैल झाली असेल तर एका बाजूची शिवण उसवा, काड्यांचे तुकडे मूठ-मूठ घालून लाकडी दांड्याने कडेकडेला ठासा आणि मधून मधून बाहेरून लाकडी मोगरीने ठोका. ठोकल्यावर जागा होते, तिथे आणखी भरा. आता एक मूठही मावणार नाही असं वाटतं तेव्हा सहसा अजून तीन मुठी मावतात. दाभणाने, जाड दुहेरी दोऱ्याने शिवा. काड पूर्ण वाळलेलं हवं, ओलसर काडाला बुरशी येते आणि टाचण्याही गंजतात.

थर्माकोलची उशी उलटी करून दुसरी बाजू वापरा. तीही संपली की मधला झिजलेला चौकोन कापून तिथे दाट इथाफोमचा तुकडा घट्ट बसवा. चिकटवायचं असेल तर थर्माकोलला पाण्यात विरघळणारा पांढरा गोंदच वापरा, तीव्र वासाचे द्रावकयुक्त गोंद त्याला विरघळवतात. इथाफोमला मात्र गोंद जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे तुकडा कणभर मोठा कापून दाबून बसवणं आणि वरून अभ्रा ताणणं हाच मार्ग. अभ्र्याखाली फेल्टचा एक थर घातला की दोन्ही प्रकारच्या फोमवर टाचणी आणखी स्थिर राहते.

वापरलेली जुनी उशी घेत असाल तर वरची पाच मिनिटांची तपासणी विकणाऱ्यासमोर करा, त्यात संकोच नको. पेंढ्याच्या जुन्या उशीत तुटलेल्या, आत गेलेल्या टाचण्या हमखास असतात. चुंबक फिरवला तर पोलादी टाचण्यांचा पत्ता लागतो, पितळी लागत नाहीत. म्हणून घरी आणल्यावर अभ्रा काढून, जाड कापडाची घडी हातात धरून सगळीकडे दाबून बघा आणि टोक जाणवेल तिथे पकडीने टाचणी बाहेर काढा. मगच नवा अभ्रा शिवा.